उंच मारलेला बॉल

धाकटी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. रोलर हॉकी आमच्या घरात तिनेच आणली. सहावीत असताना ती एक दिवस शाळेतून दोन्ही गुडघे फोडून आली. आईने हळद भरता भरता विचारलं तर म्हणाली, "मला गोलकीपर केलंय." आईला वाटलं फुटबॉल. मलाही तेच वाटलं.

आमचं घर अयोध्या नगरला. आजोबा मूळचे नागपूरचे. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ऑफिसबरोबर भोपाळला आले आणि परत गेले नाहीत. बाबाही पुढे सचिवालयातच लागले. घराजवळ मोठ्या कारखान्याची वसाहत आहे, आणि तिथे कुठल्याशा जुन्या साहेबाच्या हौसेने बांधलेलं एक सिमेंटचं रिंक होतं. चारी बाजूंनी कमरेएवढ्या लाकडी फळ्या, एका कोपऱ्यात पिंपळाच्या मुळांनी उचकटलेलं सिमेंट. कारखान्यातून निवृत्त झालेले एक सर तिथे मुलामुलींना शिकवायचे. शाळेच्या स्केटिंगच्या तासाला त्यांनी धाकटीला पडताना पाहिलं. बाकीच्या मुली पडताना हात पुढे करत होत्या, ही करत नव्हती. "ये लड़की गिरने से डरती नहीं," एवढं म्हणून त्यांनी तिला गोलात बसवलं.

बसवलं हा शब्द खराच आहे. या खेळात पायात चार चाकांचे स्केट्स असतात, हातात वाकडी काठी. एका बाजूला पाच जण. त्यातला गोलकीपर जवळजवळ उकिडवा बसतो, पायांना जाड पॅड, तोंडावर ग्रिलचं हेल्मेट. बॉल क्रिकेटच्या बॉलएवढाच, तसाच कडक. आणि गोल इतका बुटका असतो की बसलेल्या गोलकीपरचं डोकं नेमकं गोलाच्या वरच्या दांडीच्या जवळ येतं.

मी गेले ती तिला आणायला म्हणून. संध्याकाळी बाबांना यायला उशीर व्हायचा, आई मला पाठवायची. मी फळीला टेकून उभी राहायचे. महिन्याभराने सर म्हणाले, "रोज खड़ी रहती हो, तो खड़े-खड़े पहिए ही पहन लो." मी घातले. मला वेग जमला. फिरणं, बॉल काठीला चिकटवून नेणं, तेही जमलं. दोन वर्षांत मी आमच्या संघात पुढची खेळाडू झाले, आणि रोज संध्याकाळी मी माझ्याच बहिणीवर बॉल मारायला लागले.

सराव संपला की सर आम्हाला पाय ताणून बसवायचे आणि बोलायचे. त्यांच्याकडे झेरॉक्सचा एक गठ्ठा होता, कडा तेलकट झालेला. जगज्जेतेपदाच्या स्पर्धा कुठे झाल्या, कोण जिंकलं, असं सगळं त्यात होतं. पहिली स्पर्धा महायुद्धाच्या आधी जर्मनीत झाली, जिंकलं इंग्लंड. मग युद्धामुळे खंड पडला. युद्धानंतर पोर्तुगाल वर आलं आणि काही वर्षांत इंग्लंडचं नाव जे खाली गेलं ते पुन्हा वर आलं नाही. मग पोर्तुगाल आणि स्पेन, स्पेन आणि पोर्तुगाल, मधूनच इटली, मधूनच अर्जेंटिना. बायकांची स्पर्धा फार उशिरा सुरू झाली. पहिली कॅनडाच्या मुलींनी जिंकली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ एकदाच आला, बार्सिलोनाला, तोही प्रदर्शनापुरता, आणि स्पेन आपल्याच घरी अर्जेंटिनाकडून हरलं. हे सांगताना सरांचा आवाज दर वेळी खाली यायचा. त्यांनी तो सामना पाहिलेला नव्हता. त्यांनी यातला कुठलाच सामना पाहिलेला नव्हता.

"और इंडिया कहाँ है, सर?" धाकटीने एकदा विचारलं.

"नीचे से ढूँढो," सर म्हणाले.

बाकीच्यांना तो पाय मोकळे करण्याचा वेळ होता. धाकटी मात्र घरी येऊन सगळं वहीत उतरवायची. कुठल्या वर्षी कुठल्या देशात, पहिला कोण, दुसरा कोण. जेवताना बाबांना सांगायची, "बाबा, पोर्तुगाल केवढासा देश आहे माहितेय? आपल्या मध्य प्रदेशात तीन मावतील." बाबा नकाशा काढून बघायचे आणि म्हणायचे, "खरंच की गं." आई म्हणायची, भाजी गार होतेय.

ती चांगली होती. हे मला आज लिहायला सोपं जातंय, तेव्हा मनात म्हणायलाही जड जायचं. मी मेहनतीने खेळायचे, तिला बॉल आधीच दिसायचा. मी काठी मागे घेतली की ती माझ्या खांद्याकडे बघून कुठे सरकायचं ते ठरवायची. "ताई, तू उजवीकडे मारताना आधी डोकं वाकवतेस," असं तिने मला एकदा सगळ्यांसमोर सांगितलं. मदत म्हणूनच. मला मात्र त्या दिवशी घरी येताना तिच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

मी बावीस वर्षांची आणि ती अठराची असताना आम्हा दोघींची नावं देशाच्या संभाव्य संघात आली. मुलींची जगज्जेतेपदाची स्पर्धा युरोपात होणार होती. निवडीसाठी बाहेरून एक गृहस्थ भोपाळला येणार होते, डिसेंबरात, तीन दिवसांसाठी.

ते यायच्या आठवडाभर आधी धाकटीच्या हेल्मेटच्या ग्रिलची एक आडवी सळई तुटली. ते हेल्मेट जुनंच होतं, सरांच्या स्टोअरमधलं. नवं मागवायचं ठरलं, पण ते दिल्लीहून यायला वेळ लागणार होता. बाबा म्हणाले, "तोवर मी बघतो." ऑफिस सुटल्यावर ते कारखान्यांच्या भागातल्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि सळई जोडून आणली. जोडावर काळी गाठ दिसत होती. बाबांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितलं, मग मला दिलं, "तू बघ, तुझ्या हातात जोर आहे." मी दाबलं. पक्कं वाटलं.

सरांना मात्र ते पसंत पडलं नाही. त्यांनी सगळ्यांना गोल करून उभं केलं आणि सांगितलं, "जब तक नया नहीं आता, प्रैक्टिस में बॉल सीने से ऊपर नहीं उठेगा. किसी का भी नहीं. समझे?" आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

ते गृहस्थ आले. खुर्ची टाकून फळीच्या बाहेर बसायचे, मांडीवर वही. पहिल्या दिवशी धाकटीने सगळं अडवलं. दुसऱ्या दिवशीही. दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला त्यांच्या मागून गेले तेव्हा ते सरांना म्हणत होते, "गोलकीपर तो मिल गई. फॉरवर्ड में और कोई है क्या? इस बड़ी वाली के शॉट में दम नहीं है."

सर काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी बाटली तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा सराव होता. प्रत्येकीने धाकटीवर दहा फटके मारायचे. माझे पहिले सात तिने अडवले. एक पॅडने, एक काठीने, एक तर नुसता पाय लांब करून, जांभई दिल्यासारखा. फळीपलीकडे वहीचं पान उलटल्याचं मला दिसलं. आठव्याच्या वेळी मी ठरवलं. हे मी नीट लिहिते, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःलाही वेगवेगळ्या शब्दांत सांगत आले आहे. बॉल निसटला नाही. काठी घसरली नाही. मी ठरवून तो तिच्या तोंडावर मारला. तिला दुखवायचं नव्हतं. तिला घाबरवायचं होतं. एकदा ग्रिलवर बॉल आदळला की गोलकीपर पुढच्या फटक्याला डोकं मागे घेतो, आणि मग खाली जागा मोकळी होते. नवव्या आणि दहाव्या फटक्यासाठी मी आठवा मारला.

फटका चांगला बसला. इतका चांगला मी आधी कधीच मारला नव्हता.

आवाज दोनदा आला. आधी ठण्ण, मग सळई सिमेंटवर पडल्याचा. धाकटी पडली नाही. ती तशीच उकिडवी बसून राहिली आणि जाड ग्लोव्ह घातलेला हात तोंडाशी नेऊन म्हणाली, "ताई, आत काहीतरी गेलंय."

सर धावले. त्यांनी तिचं हेल्मेट काढलं आणि लगेच माझ्याकडे पाठ केली, मला दिसू नये म्हणून. पण मला दिसलं होतं.

"ऊपर कैसे गया?" सरांनी वळून विचारलं. ओरडून नाही. खरंच विचारलं.

"उछल गया, सर," मी म्हणाले. "दरार पे लगके उछल गया."

सिमेंटला भेगा होत्याच. सरांनी मान हलवली आणि गाडी आणायला सांगितलं.

डोळा वाचला नाही. दोन ऑपरेशनं झाली, एक भोपाळला, एक इंदूरला. दुसऱ्यानंतर डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं आणि बाबा आमच्याकडे परत येताना वाटेतल्या बाकावर बसले. दहा पावलं राहिली होती. आई उठून त्यांच्याकडे गेली. मला वाटलं ती त्यांच्या शेजारी बसेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही ते जोडून आणलंत."

बाबा खाली बघत राहिले.

"नवं येईपर्यंत घरी बसवलं असतं तर? काय बिघडलं असतं? तुम्हीच म्हणालात, मी बघतो. बघितलंत ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मीही आईच्या मागोमाग गेले होते, त्यांच्यापासून चार हातांवर होते. एक वाक्य होतं, तयार होतं, तोंडात होतं. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू दाबून बघितलं होतंस ना गं? पक्कं होतं ना?"

"हो बाबा," मी म्हणाले. "पक्कं होतं."

तेवढं मी खरं बोलले.

त्यानंतर आमच्या घरात त्या गोष्टीला एक ठरलेला आकार आला. बॉल भेगेवर लागून उडाला हे नशीब, आणि सळई तुटली ही बाबांची चूक. आई रोज बोलायची नाही. पण वर्षातून चार-पाच वेळा, दुसऱ्याच कुठल्या तरी भांडणात, नळ नीट बसला नाही, गॅस वेळेवर आला नाही, की ती म्हणायची, "तुमचं बघणं मला माहितेय." बाबा तिथून उठून जायचे.

निवडीचं अंतिम शिबिर महिन्याभराने दुसऱ्या शहरात होतं. मी जाणार नाही म्हणाले. बाबा म्हणाले, "जा. दोघींचं नुकसान नको." धाकटीच्या डोळ्यावर तेव्हा अजून पट्टी होती. ती पलंगावर बसून म्हणाली, "जा ना ताई. निवड झाली की मला युरोपातून फक्त ते पुस्तक आण. स्पर्धेचं छापलेलं असतं बघ, ज्यात आधीचे सगळे निकाल देतात. सरांच्या झेरॉक्समध्ये मधली दोन पानं नाहीत."

मी गेले. शिबिरात वेड्यासारखी पळाले, आणि माझी निवड झाली.

स्पर्धा झाली त्या युरोपातल्या शहराचं नाव लिहीत नाही. लहान शहर होतं, पण स्टेडियम आमच्या इथल्या कुठल्याही सभागृहापेक्षा मोठं. आत लाकडी फरशी, इतकी गुळगुळीत की आमची सिमेंटवर चालणारी कडक चाकं तिच्यावर नुसती घसरत होती. पहिल्या सरावात आम्ही दहाच्या दहा जणी पडलो. पलीकडे एका युरोपियन संघाच्या मुली थांबून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांच्यातल्या एकीने नंतर आपल्या जुन्या मऊ चाकांची पिशवी आमच्याकडे आणून दिली आणि खुणेने सांगितलं, ही लावा.

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीवर जुने फोटो लावले होते. कृष्णधवल. मफलर घातलेले प्रेक्षक, तेल लावून भांग पाडलेले खेळाडू, हातात चषक. पहिल्या फोटोखाली इंग्लंडचं नाव होतं. पुढे पोर्तुगाल. मग स्पेन. सर सांगायचे त्याच क्रमाने. मी एकेका फोटोपुढे उभी राहिले आणि मला कळलं की आमच्या रिंकवर पाय ताणून ऐकणाऱ्या सगळ्या मुलींमध्ये हे बघून खरा आनंद होणारी एकच होती, आणि ती घरी होती.

आम्ही हरलो. सगळे सामने हरलो, फार मोठ्या फरकाने. आमची गोलकीपर दुसऱ्या राज्यातली होती, एकोणीस वर्षांची. दुसऱ्या सामन्यात मध्यंतराला ती मास्क न काढता बाकावर बसली, आणि आतून रडण्याचा आवाज येत होता. मी तिच्या शेजारी बसू शकले नाही. डब्यातली संत्र्याची फोड तिच्यापुढे धरली आणि दुसरीकडे गेले.

अपघातानंतर मला बॉल उचलता येत नव्हता. माझा प्रत्येक फटका जमिनीलगत जायचा. आमचे प्रशिक्षक बाहेरून ओरडायचे, "ऊपर! ऊपर मार!" शेवटच्या सामन्यात मी मारला. कसा ते माहीत नाही, पायाखाली ती चाकं होती, समोर जागा होती, हात आपोआप गेला. बॉल समोरच्या गोलकीपरच्या मास्कला घासून आत गेला. आमच्या त्या स्पर्धेतल्या मोजक्या गोलांपैकी एक. प्रेक्षक उभे राहिले, दुबळ्या संघाला देतात तशा टाळ्या दिल्या. ती गोलकीपर उठली, मास्क सारखा केला, काठी दोनदा फरशीवर आपटली आणि पुन्हा बसली. तिला काहीही झालं नाही. माझ्या संघातल्या मुली मला मिठ्या मारत होत्या आणि मी तिच्याकडे बघत होते.

भोपाळच्या पेपरात माझा फोटो आला. बाबांनी तो कापून ठेवला. धाकटीने मी आणलेलं पुस्तक उघडलं, ते चेहऱ्याच्या उजव्या बाजूला नेलं आणि तिथल्या तिथे हरवलेल्या दोन पानांचे निकाल वहीत भरले. मग म्हणाली, "गोल कसा मारलास?"

"असाच. लागला," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

त्या एका स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. लग्न झालं, सासर अयोध्या नगरमध्येच, माहेरापासून दोन गल्ल्यांवर. धाकटी पुन्हा रिंकवर गेली नाही. तिने गणितात एम. एस्सी. केलं. चार-पाच स्थळं आली, बघून गेली, कळवतो म्हणाली. त्यानंतर तिनेच बाबांना सांगितलं, आता बोलवू नका. होशंगाबाद रोडच्या बाजूच्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा तिने बाग सेवनियात एक लहान फ्लॅट घेतला, भाड्याने. आई म्हणाली, एकटी कशी राहशील? ती म्हणाली, "शाळा जवळ पडते."

बाबा दर बुधवारी तिच्याकडे जायचे. दोन बस बदलून. बाजारात जाताना ते कायम तिच्या डाव्या हाताला चालायचे, कारण त्या बाजूने येणारं तिला दिसायचं नाही. मी एकदा त्या दोघांना मागून पाहिलं. एक ठेला मध्ये आला की बाबा पुढे व्हायचे, आणि ठेला मागे पडला की परत त्याच बाजूला येऊन तिच्या पावलाशी पाऊल जुळवायचे. म्हातारे झाल्यावरही. त्यांना स्वतःला धाप लागत असतानाही.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. हृदयाचं दुखणं होतं, नऊ दिवस दवाखान्यात होते. सातव्या दिवशी दुपारी मी एकटी त्यांच्याजवळ होते. आई जेवायला घरी गेली होती. त्यांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली आणि म्हणाले, "धाकटीकडे लक्ष ठेव. माझ्यामुळे झालं ते."

"तुम्ही बोलू नका बाबा, पडून राहा," मी म्हणाले.

"मी त्या वेल्डिंगवाल्याला म्हटलं होतं, आणखी एक टाका मार. तो म्हणाला गरज नाही. मी ऐकलं."

मी नळी नीट लावली. पांघरूण ओढलं. वॉर्डमध्ये दुपारची शांतता होती, कोणी नव्हतं, ऐकणारं फक्त तेच होते. मी पुन्हा म्हणाले, "पडून राहा." त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले.

धाकटीला मी सांगितलं ते त्यानंतर दीड वर्षाने. मुलींचे जागतिक सामने आता फोनवर दिसतात. युरोपातल्या दुपारचे सामने आपल्याकडे संध्याकाळी लागतात. धाकटी ते सगळे बघते. फोन पुस्तकांना टेकवून ठेवते, समोर वही. मी तिच्याकडे भाजी द्यायला गेले होते. अर्जेंटिनाच्या मुली खेळत होत्या. एका फटक्याला बॉल गोलकीपरच्या मास्कवर आदळला आणि मागे बसलेली मी दचकले. चहा सांडला.

धाकटीने सामना थांबवला. "काय झालं?"

"मी मुद्दाम मारला होता," मी म्हणाले.

तिने विचारलं नाही, काय. तिने फोन पालथा ठेवला.

"भेगेवर लागून नव्हता उडाला. मी तुझ्या तोंडावर मारला. तू घाबरावंस म्हणून. पुढचे दोन जावेत म्हणून."

"माहितेय," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ताई, मी गोलकीपर होते. तुझा खांदा मला दिसत होता. तू उजवीकडे मारताना डोकं वाकवायचीस, त्या दिवशी नाही वाकवलंस. सरळ माझ्याकडे बघून मारलास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. पहिली दोन-तीन वर्षं रोज वाटायचं, आज सांगेल. मग कंटाळा आला." तिने टेबलावरचा सांडलेला चहा फडक्याने पुसला. "माझं सोड. माझं काय, मला माहीतच होतं. बाबांना का नाही सांगितलंस?"

मी माझा कप उचलून बशीत ठेवला.

"ते मला दर बुधवारी विचारायचे, दुखतंय का? डोळा नाहीच तिथे, दुखेल काय? तरी विचारायचे. मी सांगणार होते त्यांना. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण मी का सांगायचं? मारला होतास तू." तिचा आवाज चढला नाही. वर्गात गणित समजावत असावी तशी बोलत होती. "मीही चुकलेच. तू सांगायला हवंस, या हट्टापायी मी त्यांना तसंच जाऊ दिलं. ते माझ्या वाट्याचं. ते मी बघीन. पण आईला तू सांग. ती अजून त्यांच्या फोटोसमोर बोलते, मी ऐकलंय. उद्या सांग. एकटी जा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन मी आईकडे गेले. ती मागच्या अंगणात उन्हात बसून तूर निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"कधीच नाही सांगितलंस?"

"नाही."

तिच्या हातातली तूर ताटात पडली. "मी त्यांना दवाखान्यात नेतानासुद्धा बोलले गं. रिक्षात. ते म्हणाले धाकटीला कळव, तर मी म्हणाले, तिचं वाटोळं केलंत, आता कशाला तिची आठवण." ती उठायला गेली आणि उठता येईना. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दाराला कडी घातली. मी अंगणात ऊन सरेपर्यंत थांबले. कडी निघाली नाही.

पुढच्या आठवड्यात ती बाग सेवनियात धाकटीकडे राहायला गेली. दोन पिशव्या आणि बाबांचा फोटो घेऊन. बाबा गेल्यापासून तिचा डबा माझ्याकडून जायचा. मला फोनवर म्हणाली, "तुझ्या हातचं मला घशाखाली उतरत नाही. राग नाही गं. उतरत नाही, एवढंच." अयोध्या नगरचं घर बंद आहे. आठवड्यातून एकदा मी जाऊन खिडक्या उघडते.

दर रविवारी दुपारी मी त्या दोघींकडे जाते. आई आता माझ्याशी बोलते. माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारते, पाण्याचं, मोलकरणीचं. धाकटी वह्या तपासत असते. कधी तिचं काम नसेल तर सामना लावते आणि आईला समजावते, ही निळ्या कपड्यांतली फ्रान्स, ह्या मुली पूर्वी कधी इतक्या पुढे यायच्या नाहीत. आई चष्मा लावून बघते आणि दर वेळी विचारते, गोल झाला का? मी खुर्चीवर बसून ऐकते. माझं मत त्यात कोणी विचारत नाही, मीही देत नाही.

साडेपाच वाजले की धाकटी घड्याळाकडे बघते आणि म्हणते, "निघ आता ताई, रस्त्याला गर्दी होईल." मी पर्स उचलते. ती दारापर्यंत येते, स्कूटर सुरू होईपर्यंत थांबते, आणि मग दार लावून घेते.